शब्दचर्चा : ‘खासगी’ फर्मवेअर आणि मोडेमचे विलगीकरण

प्रश्न : लिब्रेम ५ आणि पाइनफोन या लिनक्सवर (खुल्या संगणक प्रणालीवर) चालणाऱ्या फोनांविषयी मराठीत लिहिताना ‘प्रोप्रायटरी फर्मवेअर’ (यंत्राच्या भागातच बसवलेली, जिचे हक्क कंपनीने स्वतःकडे राखले आहेत अशी आज्ञावली) आणि ‘हार्डवेअर आयसोलेशन’ (एखादा भाग यंत्ररचनेनेच बाकीच्यांपासून वेगळा ठेवणे) या दोन संज्ञांपाशी मी अडलो आहे. ‘खासगीपणा जपणाऱ्या फोनमधील खासगी फर्मवेअर’ असे मी लिहिले, तर माझ्या थोरल्या भावाने त्याचा अर्थ ‘मालकाचा खासगीपणा राखणारे फर्मवेअर’ असा घेतला, म्हणजे नेमका उलटा. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर : आपल्या बंधूंची चूक नाही. ‘खासगी बाब’ म्हणताना आपण माणसाची बाजू घेतो आणि ‘खासगी कंपनी’ म्हणताना धंद्याची; या विषयात तर त्या दोन बाजू समोरासमोर उभ्या आहेत, त्यामुळे एकाच वाक्यात हा शब्द दोघांकडे राबवता येत नाही. ‘मालकीचे’ म्हटले तर कोणाच्या, हा प्रश्न उरतोच, कारण पैसे मोजून फोन घेणाराही स्वतःला मालक समजतो. ‘स्वामित्व’ वाचकाला थेट स्वामित्वधनाकडे नेते. मोडेमपुरते, म्हणजे फोनला मोबाइल जाळ्याशी जोडणाऱ्या भागापुरते, बोलायचे तर मी ‘बंदिस्त’ लिहीन. काटेकोरपणे पाहता प्रोप्रायटरी हा हक्काचा प्रश्न आहे, आणि संहिता (सोर्स कोड) डोळ्यांना दिसत असूनही तिच्यात बदल करण्याची परवानगी नसणे शक्य आहे. तेव्हा परवान्याची चर्चा असेल तेथे ‘मालकी हक्काखालील’ हे लांबलचक विशेषण सोसावे. फर्मवेअर मात्र फर्मवेअरच राहू द्यावे. संगणकतज्ज्ञ अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधल्या थरासाठी हा शब्द योजला, त्यातील ‘फर्म’ म्हणजे घट्ट. आपल्याकडे फर्म म्हणजे पेढी, त्यामुळे फोड करून हाती काही लागत नाही.

आयसोलेशनसाठी ‘पृथक्करण’ नको, कारण मराठीत ते रासायनिक पृथक्करणाचे, म्हणजे घटक सुटे करून तपासण्याचे, काम करते. ‘विलगीकरण’ चालेल, पण त्याखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. लिब्रेम ५ मध्ये मोडेम वेगळ्या कार्डावर असून मुख्य प्रोसेसरशी यूएसबीने बोलतो, त्यामुळे त्याला फोनच्या मेमरीत थेट हात घालता येत नाही, हे विलगीकरण. त्याच फोनच्या कडेला तीन खटके आहेत, एक मोडेमचा, एक वायफाय-ब्लूटूथचा, एक कॅमेरा-मायक्रोफोनचा, आणि ते त्या त्या भागाचा वीजपुरवठाच बंद करतात. याला सरळ ‘तोडणे’ म्हणावे. पाइनफोनमध्ये सहा खटके मागचे झाकण काढल्यावर दिसतात, आणि ते इतके बारीक आहेत की बोटाने सरकत नाहीत, टोकदार काहीतरी घ्यावे लागते. ‘किल स्विच’साठी ‘खटका’ हा शब्द मला म्हणूनच आवडतो.

दुसरे मत : ‘विलगीकरणा’ला माझी हरकत आहे. करोनाच्या काळात बाधिताचे ते विलगीकरण आणि संशयिताचे ते अलगीकरण, असा भेद केला जात होता, जरी बोलण्यात दोन्हींची सरमिसळ झाली. मोडेम येथे संशयित आहे, बाधित ठरलेला नाही. संशयाला आधार आहे हे खरे : काही सॅमसंग फोनांतील मोडेमशी बोलणारा प्रोग्राम मोडेमच्या सांगण्यावरून फोनमधील फायली वाचू, लिहू आणि पुसू शकतो, असे रेप्लिकंट या, अँड्रॉइडची पूर्णपणे मुक्त आवृत्ती बनवणाऱ्या प्रकल्पाच्या विकासकांनी २०१४ मध्ये जाहीर केले होते. तरीही शब्द ‘अलगीकरण’च हवा.

उत्तर : भेद सुरेख आहे, पण तो आज किती जणांच्या लक्षात असेल? शिवाय ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली, सुरक्षेवर भर देणारी प्रणाली वापरणारे पिक्सेल फोन घ्या. तेथे असे खटके नाहीत. मोडेमला मेमरीच्या नेमून दिलेल्या भागापलीकडे जाऊ न देण्याचे काम आयओएमएमयू ही हार्डवेअरमधील यंत्रणा करते. या पहाऱ्यालाही तोच शब्द लागणार, म्हणून रुळलेला ‘विलगीकरण’ मी ठेवीन.

प्रश्नकर्ता : आभार. ‘बंदिस्त’, ‘विलगीकरण’ आणि ‘खटका’ घेतो. पाइनफोनपाशी मात्र ‘बंदिस्त फर्मवेअर’ सरसकट लिहिता येणार नाही, हे आता ध्यानात आले : त्याच्या मोडेमवर स्वतंत्र लिनक्स चालते, त्यातील बराचसा भाग हौशी विकासकांनी खुल्या संहितेने बदलला आहे, आणि प्रत्यक्ष रेडिओ सांभाळणारा भाग मात्र बंद राहिला आहे. तेथे ‘मोडेम-फर्मवेअरचा बंदिस्त भाग’ असे लिहीन.