तुरुंग: घोडा की ओंडका?

भाची सातवीत आहे. शाळेची सहल गोव्यातल्या आग्वाद किल्ल्यावर गेली आणि आल्यावर निबंध लिहायला सांगितला. तिने लिहिलं, 'राममनोहर लोहिया यांना आग्वादच्या तुरंगात ठेवले.' बाईंनी लाल रेघ ओढून समासात एकच प्रश्न विचारला: 'घोड्यात?' घरभर हसणं झालं, पण भाची हट्टाला पेटली. "एका उकाराने घोडा होतो? मग मूळ शब्द कुठला ते सांग." आमच्या घरात शब्दांचं खातं माझ्याकडे, म्हणून इथे मांडतोय.

बाईंचं बरोबर आहे. तुरग, तुरंग, तुरंगम हे संस्कृत शब्द. वेगाने जातो तो, म्हणजे घोडा. तुरुंगाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ओंडक्याचा मात्र आहे. आपला तुरुंग पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला आणि त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड. पूर्वी जाड लाकडाला भोकं पाडून त्यांत कैद्याचे पाय अडकवत आणि वरून कुलूप घालत. त्या लाकडालाही त्रोंकु म्हणायचे. पुढे ते लाकूड ज्या खोलीत असे त्या खोलीचं, मग अख्ख्या इमारतीचं नाव तेच पडलं. जुन्या गोव्यात कैदखान्याला त्रोंकु म्हणत. ब्राझीलमध्ये गुलामांना ज्यात जखडत त्या लाकडाचंही हेच नाव.

उच्चाराचं म्हणाल तर जोडाक्षर फोडायची आपल्याला सवयच आहे. पोर्तुगीज 'प्रातु'ची आपण परात केली, तसा त्रोंकुचा तुरुंक; आणि अनुनासिकानंतरचा क मऊ होऊन ग.

(यावर वाचकांचे आलेले अभिप्राय खाली.)

डिचोलीहून: दादा, खोडा विसरलात! मराठीतही कैद्याचे पाय अडकवायच्या लाकडाला खोडाच म्हणतात, तो खोडावरूनच. म्हणजे जो प्रवास पोर्तुगीजांनी केला तोच आपणही केला, फक्त आपण अर्ध्या वाटेत थांबलो. त्यांचं लाकूड इमारत झालं, आपलं वाक्प्रचारात गेलं. आता कुणी कामात 'खोडा घालतो' तेव्हा पाय अडकल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं का कुणाच्या?

म्हापशाहून: मग खोडकरही त्यातलाच? आमच्या धाकट्याला खोड्यात घालायची वेळ आलीच आहे.

मूळ लेखक: नाही हो. ती खोड स्त्रीलिंगी, जित्याची मेल्याशिवाय न जाणारी. झाडाचं ते खोड नपुंसकलिंगी. धाकट्याला सोडा.

मडगावहून: आमची आजी तुरुंग म्हणत नसे. 'बंदखणींत पडलो' असं कोकणीत म्हणायची. तुरुंग आम्हाला मराठी वर्तमानपत्रातून कळला. गंमत अशी, की पोर्तुगीजांचा शब्द गोव्यातल्या माझ्या आजीच्या तोंडी नाही आणि पुण्या-नागपूरकडे ज्याने पोर्तुगीज जन्मात ऐकली नाही त्याच्या तोंडी आहे. त्यातून पुढे 'तुरुंगवास' झाला, म्हणजे पहिलं पद पोर्तुगीज आणि शेपूट संस्कृत. न्यायालयाच्या निकालात मात्र अजून 'सश्रम कारावास'च.

पेडण्याहून: असाच घर बदललेला दुसरा शब्द सांगतो, रेंदेर. आमच्याकडे रेंदेर म्हणजे माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा. कमरेला काती, म्हणजे कोयता, पाठीशी भोपळ्याचं भांडं, म्हणजे दुदिणं, झावळ्यांत बसून पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, छेदणारा माणूस. पण मूळ पोर्तुगीज 'रेंदैरु' म्हणजे मक्तेदार, सरकारी वसुलीचा ठेका घेणारा. 'रेंद' म्हणजे खंड, भाडं. ठेका घेणारा बसायचा खाली सावलीत, नाव मात्र चढलं माडावर. आणि पगार? पोर्तुगीजमध्ये ते नुसतं क्रियापद, 'पैसे चुकते करणे'. त्याचं नाम आपण केलं. महिनाअखेरीला आपल्याला क्रियापदच हवं असतं, ते वेगळं.

फोंड्याहून: तुरुंगावरून भरकटू नका. जुन्या गोव्यात इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. १५६० ला ते सुरू झालं, मध्ये चार वर्षं बंद पडलं आणि १८१२ ला कायमचं संपलं. तो वाडा मुळात आदिलशाही काळातला. आधी व्हाइसरॉय तिथे राहत, मग इन्क्विझिशन आलं. लोक त्याला तुरुंगही म्हणत नसत आणि बंदखणही नाही. म्हणत 'व्हडलें घर'. मोठं घर. नाव घ्यायचीही भीती. आज तिथे भिंतसुद्धा उरलेली नाही. आपल्याकडे 'सरकारी पाहुणचार', 'बिनभाड्याची खोली' म्हणून हसतात. व्हडल्या घरात हसू नव्हतं.

मूळ लेखक: फोंड्याचे मास्तर, तुमच्या या ओळीवरून आणखी एक कैदखाना आठवला. शार्ल देलों नावाच्या फ्रेंच वैद्याला दमणला पकडून जुन्या गोव्यात आणलं, १६७४ ची गोष्ट. व्हडल्या घरात न्यायच्या आधी त्याला आर्चबिशपच्या कैदखान्यात ठेवलं होतं. त्या कैदखान्याचं नाव आल्जुब. हा शब्द पोर्तुगीजांनी अरबांकडून घेतला. अरबीत 'अल्-जुब्ब' म्हणजे विहीर. सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने आपला अनुभव छापला आणि युरोपभर तो वाचला गेला.

म्हणजे एक कैदखाना खोडाच्या नावाचा, दुसरा विहिरीच्या. आता तिसऱ्याचं नाव बघा, आग्वाद. 'आग्व' म्हणजे पाणी; आग्वाद म्हणजे जिथे पाणी भरून घेतात ती जागा. तिथल्या गोड्या झऱ्यावर जहाजं पाणी भरत, म्हणून १६१२ च्या किल्ल्याला हे नाव. 'आग्वादचा तुरुंग' अक्षरशः वाचला तर पाणवठ्यावरचा ओंडका. तिथेच १९४६ मध्ये लोहिया होते, तिथेच गोवा मुक्तिलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्या होते. कुन्यांना पुढे पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं.

मडगावहून: आणि लिस्बनमध्ये आज काय म्हणतात?

मूळ लेखक: 'प्रिझांव' किंवा 'कदेय'. त्रोंकु म्हटलं तर आधी झाड डोळ्यांपुढे येईल, नाहीतर माणसाचं धड.

डिचोलीहून: भाचीचं काय झालं पण?

मूळ लेखक: तिने उकार सुधारला. आणि बाईंच्या 'घोड्यात?' या प्रश्नाखाली निळ्या शाईने उत्तर लिहिलं: 'नाही बाई, ओंडक्यात.' वही अजून परत आलेली नाही.