सुट्टी मोठी, पण घोडे तेवढेच

'नाताळात लोक मोकळे असतात, तर रोज जागोजागी घोड्यांच्या मोठ्या शर्यती ठेवा' असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. प्रेक्षक वाढले म्हणून घोडे वाढत नाहीत ना! आमच्या पेडण्यात एकाच रात्री चार गावांत जत्रा आल्या की दशावतारातले चांगले नट वाटले जातात, तसंच हे.

इंग्लंडात 26 डिसेंबरला भाराभर ठिकाणी शर्यती असतात. अव्वल घोडे आणि जॉकी (घोडेस्वार) लंडनजवळच्या केम्प्टन रेसकोर्सवरच्या तीन मैलांच्या किंग जॉर्ज शर्यतीला जातात; मग लहान रेसकोर्सवर एखादी शर्यत चार-पाच घोड्यांवर भागवायची. त्यात 25ला शर्यती बंद असल्या तरी मोतद्दारांना सुट्टी कुठली? चारा, खरारा, सकाळची रपेट चुकत नाही. माझ्या मते 26ला दोन-तीनच ठिकाणी दर्जेदार शर्यती ठेवाव्यात, बाकीच्या 27-28ला सरकवाव्यात.

आणि शर्यत तोलामोलाची असेल तर सुट्टीच तिच्यामागे येते. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपसाठी अख्खं मेलबर्न सुट्टी घेतं. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची डर्बी शर्यत तर फेब्रुवारीतल्या साध्या रविवारी, तरी आमचे म्हापशाचे शौकीन आदल्या रात्रीची मुंबईची बस पकडतातच.