अनुभव धागा: शाळा-कॉलेजात असताना पाणी प्यायचात का?

मोरपंखी:
लेक आठवीत आहे. बाटली सकाळी भरून देते, संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. विचारलं की "तहानच लागत नाही" म्हणते. घरी येते ती डोकं धरून. गृहपाठाच्या पहिल्याच गणिताला अडते, धाकट्यावर खेकसते. दोन फुलपात्रं पाणी पोटात गेलं की अर्ध्या तासात माणसात येते. आधी हे माझ्याच मनाचे खेळ वाटायचे. मग अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले 2011-12 चे प्रयोग वाचनात आले. शरीरातलं पाणी वजनाच्या जेमतेम दीड टक्क्याने घटलं, तर तरुण मुलींचं डोकं दुखू लागलं, मन उतरलं आणि हातातलं काम अवघड वाटू लागलं. तरुण मुलग्यांचं लक्ष हुकू लागलं. माझ्या लेकीचं वजन 45 किलो. तिचा दीड टक्का म्हणजे पाऊण लिटरही नाही, म्हणजे ती न उघडलेली बाटलीच! ते प्रयोग मोठ्यांवरचे होते, मान्य. तुमचं काय व्हायचं? सविस्तर लिहा.

रानजाई:
ताई, तिला तहानेचं नका विचारू, शाळेतल्या बाथरूमचं विचारा.
आमची तालुक्याची शाळा. मुलींसाठी दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. एक मैत्रीण आत, दुसरी बाहेर दार ओढून उभी. मधल्या सुट्टीत रांग इतकी की डबा खायचा राहायचा. तास चालू असताना करंगळी वर केली की मागच्या बाकावरची मुलं खिदळायची. मग आम्ही सोपा उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. दहा ते पाच. डब्यातली चटणी खाल्ल्यावर एक घोट, तोही तोंड ओलं करण्यापुरता.
नववीच्या वार्षिक परीक्षेच्या आधी उन्हाळी लागली. आजीने धण्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. चार दिवस तसेच काढले आणि ताप चढला. तपासलं तर लघवीत जंतुसंसर्ग. भूमितीचा पेपर मी मांडी आवळून लिहिला. प्रमेय पाठ होतं, पण मन सगळं घड्याळाकडे. मार्क कमी पडले तेव्हा "लक्ष देत नाहीस" हे मलाच ऐकावं लागलं. आज ऑफिसात बाथरूम स्वच्छ आहे, तरी बाहेर पडायचं म्हटलं की हात आपोआप पाण्यापासून मागे येतो.

बाई_अकोला:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मार्चपासून शाळा सकाळची, तरी अकराला पत्रा तापतो. केरळात 2019 मध्ये शाळांतून पाण्याची घंटा सुरू झाली, ते वाचून मी माझ्या वर्गापुरती सुरू केली. पहिला आठवडा नुसता गोंधळ! घंटा झाली की सगळी पोरं टाकीकडे पळायची, परत यायला वीस मिनिटं. मग बाटल्या बाकावरच ठेवायला लावल्या. मग अर्ध्या तासाने करंगळ्यांची रांग! म्हणजे एक घंटा पाण्याची आणि एक तिची, असं करावं लागलं. रानजाई म्हणते ते शंभर टक्के खरं. हे दुसरं जमलं तेव्हाच मुली पाणी प्यायला लागल्या.
फरक? "बाई, डोकं दुखते" हे कमी झालं, एवढं नक्की सांगते. जेवणानंतरची पेंग मात्र पाण्याने जात नाही. ती आम्हा शिक्षकांनाही येते.

सदाशिवपेठी_पाहुणा:
राज्यसेवेची तीन वर्षं, पुण्यातली अभ्यासिका. टेबलावर बाटली ठेवायला बंदी, कारण एकदा कुणाच्या तरी नोट्सवर सांडली होती. कूलर तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. पाण्यासाठी कोण उतरणार? चहासाठी मात्र सगळे उतरायचे. दिवसाला सहा कटिंग. चहाने अंगातलं पाणी उडून जातं असं एक मित्र सांगायचा. तेवढं काही होत नाही म्हणतात, पण सहा कटिंग मिळून भरतं किती? दीड ग्लास! बाकी दिवस कोरडा. दुपारी चारला एकच परिच्छेद पाच वेळा वाचायचो आणि वाटायचं, आपली बुद्धीच कमी. शेवटच्या वर्षी जिन्यात उभं राहून बाटली संपवायची सवय लावली. पोस्ट निघाली नाही, ते पाण्यामुळे नव्हे. पण चारची ती चिडचिड गेली.

हिमगौरी:
अमेरिकेत मिनियापोलिसला शिकते. बाहेर उणे वीस, आत हीटर. घाम नाही, तहान नाही. ओठ फुटले की कळतं. आई रोज व्हिडिओ कॉलवर तांब्या दाखवते, मग पिते.

तिरकस:
उलटं टोकही नोंदवा. बारावीच्या फिजिक्सला निघताना मातोश्रींनी लिटरभर पाणी पाजलं, "डोकं शांत राहतं" म्हणून. तीन तासांत दोनदा बाहेर गेलो, पर्यवेक्षक मागे मागे. शेवटचं उदाहरण राहिलं ते राहिलंच. आणि ते रोजचे आठ ग्लास कुठून आले कुणास ठाऊक. ऊन, खेळ, वजन बघून प्यावं. लघवी गडद पिवळी झाली की समजावं.

सुमनची_आई:
आमची पाणी भरपूर प्यायची, तरी पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. आम्ही अजून पाणी पाजत राहिलो. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. महिना दोन महिने थकवा हटत नसेल तर तेही बघा हो.

मोरपंखी:
रानजाई, विचारलं. कडी आहे म्हणाली, पण आत नळाला पाणी नाही. पालकसभा शनिवारी आहे. तिथे बोलणार आहे, आणखी दोघी आया सोबत येताहेत.
आज बाटली अर्धी रिकामी आली म्हणून मी खूश. धाकट्याने चहाडी केली, ताईने अर्धी रिक्षावाल्या काकांच्या कुंडीत ओतली.