लूजचा सराव पन्हाळ्याच्या उतारावर व्हावा का?

धागाकर्ता, मंगळवार पेठ:
मनालीजवळच्या वशिष्ठ गावचे शिवा केशवन १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी लूजच्या घसरगाडीवर उताणे झोपून, पाय पुढे ठेवून उतरले आणि २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळले. देशात लूजची बर्फाची कृत्रिम धावपट्टी नसल्यामुळे गाडीला चाके लावून त्यांनी हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर सराव केला. आपल्या गल्लीतली पोरे फळीला बेअरिंग ठोकून, ठिणग्या उडवत उतार उतरतात, तेव्हा ती याच खेळाच्या उंबरठ्यावर असतात, असे मला मनापासून वाटते. सकाळी दोन तास रस्ता बंद ठेवून पन्हाळ्याच्या घाटात असा सराव सुरू करावा.

प्रतिसाद, शिवाजी पेठ:
माझा ठाम विरोध आहे. लूजच्या गाडीला ब्रेक नसतो; शर्यत संपल्यावर खेळाडू उठून बसतो आणि पाय टेकवून, गाडीचे पुढचे टोक वर ओढून ती थांबवतो. १२ फेब्रुवारी २०१० रोजी कॅनडातल्या व्हिसलरच्या धावपट्टीवर ऑलिंपिकच्या सरावात जॉर्जियाचा एकवीस वर्षांचा नोदार कुमारितश्विली धावपट्टीबाहेर फेकला जाऊन पोलादी खांबावर आदळला आणि गेला. तो तर खास बांधलेल्या धावपट्टीवर होता. आपल्या घाटात एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्येच वाट चुकलेली म्हैस. शिवाय बर्फावर पोटऱ्यांनी दाबून गाडीखालच्या पोलादी पट्ट्या वळवण्याचे कसब चाकांवर पुरते येत नाही. हाच पैसा तालमींना द्या.

प्रतिसाद, राजारामपुरी:
तालमींचे म्हणणे मान्य आहे, पण १९४८ मध्ये खाशाबा जाधवांच्या लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला, तेव्हा पदकाची हमी कुणी मागितली नव्हती. ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले.

धागाकर्ता:
घाटाचा हट्ट मी सोडतो, कारण म्हशीचा मुद्दा खोडता येत नाही. मात्र लूजमध्ये वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात आणि सुरुवातीला गमावलेला क्षण खाली जाईपर्यंत वाढत जातो. दोन्ही मुठी धरून गाडी पुढे झोकणे, मग खिळ्यांच्या हातमोज्यांनी बर्फ मागे रेटणे, ही सगळी खांद्या-दंडांची कामे असून त्यांचा सराव सपाट जागेवरही होतो. जोर-बैठकांवर वाढलेली आपली मुले यात मागे पडणार नाहीत.

प्रतिसाद, शिवाजी पेठ:
सपाट जागा, हेल्मेट आणि जाणता प्रशिक्षक एवढे असेल, तर पहिल्या दिवशी माझ्या मुलीला मी स्वतः घेऊन येईन. उताराचे नाव निघाले की मात्र परत नेईन.