घाट उतरताना हायब्रिडचं इंजिन का ओरडतं?

घाटवेडा: काल आंबेनळी घाट उतरत होतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला, तरी निम्म्या घाटात इंजिन घोंघावायला लागलं. मेव्हणे म्हणाले, "गेली गाडी!" बिघाड आहे का?

जुना मेस्त्री: नाही हो. हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटरही असते. उताराला तीच जनरेटर बनते, वीज बॅटरीत जाते. बॅटरी भरली की वीज ठेवायची कुठे? मग त्याच विजेनं इंजिन नुसतं फिरवतात. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद, सिलिंडर हवा दाबत बसतात, गाडीला लगाम लागतो. आवाज त्याचाच. गिअर 'बी'त, म्हणजे इंजिनानं गाडी रोखणाऱ्या स्थितीत, टाकून उतरा, ब्रेक तापत नाहीत. सपाटीवर मात्र परत नेहमीचा 'डी'.

घाटवेडा: म्हणजे इतका आवाज करून पेट्रोल शून्य?

प्रियसवाली: हो. टोयोटाच्या १९९७ च्या पहिल्या प्रियस हायब्रिडमध्येही 'बी' होतंच. मेव्हण्यांना कळवा!