शब्दचर्चा: ‘शील’, ‘आत्मिक वाढ’ आणि ‘साधने’

पानवेल (मूळ प्रश्न):
ख्रिस्ती अभ्यासगटांच्या साहित्यावर ‘आध्यात्मिक विकास व चारित्र्यनिर्मितीसाठी संसाधने’ अशा धर्तीचं शीर्षक वारंवार दिसतं. एकही शब्द चुकीचा नाही, तरी सगळं मिळून कोरडं वाटतं. तक्ते आणि प्रश्नावल्या असलेल्या 12 आठवड्यांच्या पुस्तिकेसाठी शीर्षक आणि आतले पारिभाषिक शब्द ठरवायचे आहेत. मराठी पवित्र शास्त्रातले (बायबलमधले) शब्द घ्यावेत की आजच्या बोलण्यातले?

शब्दवेध:
‘संसाधने’ आधी काढा. तो शब्द पाणी, खनिजं, मनुष्यबळ यांच्या हिशेबाचा, संपणाऱ्या साठ्याचा. ‘साधने’ म्हणा. मात्र एक काळजी घ्या. ‘कृपेची साधने’ ही मंडळीत (चर्चमध्ये) रुळलेली संज्ञा आहे आणि तिचा अर्थ ठरलेला आहे: देवाचं वचन, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार, प्रार्थना. तुमचे तक्ते आणि प्रश्नावल्या त्या अर्थाने साधने नव्हेत. त्यांना ‘अभ्याससाहित्य’ म्हटलंत तर गोंधळ होणार नाही. पुस्तिकेत दोन्ही एकाच मथळ्याखाली आले की वाचक तक्ता भरण्यालाच कृपा समजू लागतो. ही चूक शब्दापासून सुरू होते, म्हणून ती शब्दातच थांबवावी.

ओवीकार:
‘विकास’ऐवजी ‘वाढ’. बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा शेवटच ‘कृपेत व ज्ञानात वाढत जा’ असा आहे. विकास योजना आखून करतात; वाढ मुळाला पाणी मिळालं की होते. ‘आत्मिक’ आणि ‘आध्यात्मिक’ दोन्ही चालतात, पण ‘आत्मिक’ म्हटलं की पवित्र आत्म्याशी असलेला संबंध कानाला लगेच कळतो.

कसोटी:
खरा प्रश्न ‘चारित्र्य’ या शब्दाचा आहे. प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात क्रम असा येतो: ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा’. इथला मूळ ग्रीक शब्द ‘दोकिमे’. ज्या शब्दकुळातला तो आहे, ते पारखून अस्सल ठरलेल्या धातूला आणि नाण्याला लावत. म्हणजे जन्मजात गुण नव्हे, कसाला उतरलेलं खरेपण.

मराठीत तीन शब्द जवळ येतात. ‘स्वभाव’ घेता येत नाही, कारण ‘स्वभावाला औषध नाही’ अशी म्हणच आहे. जो शब्द बदल होणारच नाही असं गृहीत धरतो, तो वाढीच्या पुस्तिकेत कसा ठेवायचा? ‘चारित्र्य’ हे चालचलणुकीशी आणि लौकिकाशी बांधलेलं. चारित्र्याचा दाखला दुसरा देतो, चारित्र्यहननही दुसराच करतो. शीलाचा दाखला मिळत नाही. म्हणून माझं मत ठामपणे ‘शील’कडे.

पानवेल:
पण ‘शील’ म्हटलं की पुष्कळांना ‘शीलभंग’ आठवतो. अर्थ बाईच्या अब्रूपुरता आकसलाय. तरुण वाचक अडखळणार नाही का?

कसोटी:
अडखळेल, म्हणून पहिल्याच पानावर समासांतून शिरा. सहनशील, विनयशील, प्रयत्नशील: या प्रत्येकात ‘शील’ म्हणजे अंगवळणी पडलेली वृत्ती. एकदा राग गिळला म्हणून कुणी सहनशील होत नाही. एवढं सांगितलं की आकसलेला अर्थ आपोआप सैल होतो. गंमतीची गोष्ट अशी की इंग्रजी ‘कॅरेक्टर’ ज्या ग्रीक शब्दावरून आला तो ‘कारक्तेर’ नव्या करारात (बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या दुसऱ्या भागात) एकदाच येतो, इब्री 1:3 मध्ये, आणि तिथे तो आपल्याविषयी नाही, पुत्राविषयी, म्हणजे ख्रिस्ताविषयी आहे: मराठीत ‘प्रतिरूप’. मूळ अर्थ ठसा.

‘निर्मिती’ही बदला. गलती 4:19 मध्ये पौल ख्रिस्ताचं स्वरूप विश्वासणाऱ्यांच्या ठायी निर्माण होईपर्यंतच्या प्रसूतिवेदनांविषयी बोलतो. रोम 12:2 मध्ये ग्रीक क्रियापद कर्मणी आज्ञार्थी आहे, आणि मराठी भाषांतराने ते नेमकं पकडलंय: ‘रूपांतर होऊ द्या’. ‘करा’ नाही, ‘होऊ द्या’. ‘चारित्र्यनिर्मिती’ म्हटलं की ‘करा’ येतं. ‘शीलाची घडण’ म्हटलं तर घडवणारा वेगळा आहे हे शब्दात राहतं.

ओवीकार:
आतल्या गुणनामांकडे वळू या, कारण प्रश्नावल्या तिथेच बिघडतात. ‘धीर’ आणि ‘सहनशीलता’ एकमेकांच्या जागी टाकले जातात. ‘धीर’ म्हणजे ग्रीक ‘हुपोमोने’, ओझ्याखाली टिकून राहणं. तो परिस्थितीपुढे लागतो. ‘सहनशीलता’ म्हणजे ‘माक्रोथुमिया’, राग लांबवणं. ती माणसांपुढे लागते. कसोटी सोपी आहे. सहनशीलतेच्या प्रश्नात माणूस हवा: ‘या आठवड्यात कुणाचं बोलणं मध्येच तोडलंत?’ धीराच्या प्रश्नात परिस्थिती हवी: ‘कोणतं काम उत्तर मिळण्याआधीच सोडलंत?’ ‘तुम्ही किती सहनशील आहात, 1 ते 10’ असा प्रश्न दोन्ही मोजत नाही. त्याने फक्त स्वतःविषयीचं मत कळतं.

दुसरं, पवित्र आत्म्यामुळे येणाऱ्या गुणांना गलती 5:22 मध्ये ‘फळ’ म्हटलंय आणि ते एकवचनी आहे, ग्रीकमध्येही. गुण 9, फळ एक. ‘आत्म्याची फळे’ असं लिहिलंत की दर आठवड्याला एक फळ तोडून टोपलीत टाकायचा कार्यक्रम होतो आणि ‘सौम्यता माझ्या वाट्याची नाही’ म्हणायला जागा मिळते.

पानवेल:
त्याच यादीतल्या ‘इंद्रियदमन’चं काय? गटात हा शब्द वाचला की लोक थबकतात.

शब्दवेध:
‘दमन’ आज दडपशाहीकडे गेलाय. ग्रीक ‘एन्क्रातेया’त पकड आहे, ताबा आहे, त्याच धातूचं क्रियापद पौल 1 करिंथ 9:25 मध्ये बक्षिसासाठी धावणाऱ्या खेळाडूला लावतो. खेळाडू शरीर दडपत नाही, लगामात ठेवतो. वचन उद्धृत करताना जसंच्या तसं ‘इंद्रियदमन’ ठेवा, विवेचनात ‘आत्मसंयम’ वापरा, आणि दोन्ही एकच आहेत हे एकदा सांगा. अवतरणात हात घालू नका.

गुणगुण:
‘मनन’, ‘ध्यान’, ‘चिंतन’ हाही तिढा सोडवा. स्तोत्र 1:2 मधल्या ‘मनन’मागचं हिब्रू क्रियापद ‘हागा’. यशया 31:4 मध्ये तेच शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला लावलंय, 38:14 मध्ये कण्हणाऱ्या पारव्याला. म्हणजे ते ओठांनी होतं. मन रिकामं करणं त्यात नाही, वचन तोंडात घोळवणं आहे. म्हणून ‘ध्यान’पेक्षा ‘मनन’ बरोबर.

12व्या शतकातल्या गिगो या ख्रिस्ती मठवाशाने प्रार्थनापूर्वक वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. मराठीत चौथीला ‘चिंतन’ म्हणतात आणि तिथेच घसरतं, कारण मराठी चिंतन म्हणजे विचार, तर त्या पायरीवर विचार थांबवायचा असतो. मी अशी नावं सुचवीन: वाचन, मनन, प्रार्थना, निवांत सहवास. 6 ते 10 ओव्या (बायबलमधली क्रमांकित वचनं) घ्या, त्याहून जास्त नको. 20 मिनिटांत: दोनदा मोठ्याने वाचन 5, एकच वाक्य पुटपुटत मनन 7, त्याच वाक्यातून प्रार्थना 5, गप्प बसणं 3. बहुतेक गट मननात चर्चा सुरू करतात आणि उरलेल्या दोन पायऱ्या बुडतात. चर्चा विसाव्या मिनिटानंतर.

ओवीकार:
‘वाचन-आराखडा’ वेगळा ठेवा; तो मननासाठी नाही, ओळखीसाठी. संपूर्ण शास्त्राचे 1189 अध्याय वर्षात उरकायचे तर रोज तीन-चार पडतात आणि मागे पडलेला वाचक लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या आसपास सोडून देतो. नव्या कराराचे 260 अध्याय आठवड्यातले 5 दिवस रोज एक घेतले तर बरोबर 52 आठवड्यांत होतात, आणि चुकलेलं भरून काढायला दोन दिवस मोकळे राहतात. तुमच्या 12 आठवड्यांत त्या हिशेबाने 60 अध्याय बसतील: मार्क 16, रोम 16, गलती 6, फिलिप्पै 4, याकोब 5, पेत्राची दोन्ही पत्रं मिळून 8, योहानाचं पहिलं पत्र 5. हे झाले 60.

पानवेल:
मग शीर्षक ‘आत्मिक वाढ आणि शीलाची घडण’, खाली लहान अक्षरात ‘12 आठवड्यांचं अभ्याससाहित्य’. ‘आत्म्याचे फळ’ सगळीकडे एकवचनी करते, आणि 1 ते 10 चे प्रश्न काढून टाकते.