मदत हवी आहे: तेल सुरू केल्यावर म्हशीची फॅट उतरली

नमस्कार मंडळी. दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस आहे. दुधाची फॅट वाढावी म्हणून १० दिवस आंबोणात रोज पाव लिटर सोयाबीन तेल दिलं, तर फॅट ७.२ वरून ५.९ वर आली! फार काळजी वाटतेय.

कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जिवाणू तेलातल्या असंतृप्त चरबीला हायड्रोजन जोडून ती संतृप्त करतात, हे माहीत होतं. पण वैरण कमी आणि खुराक जास्त असला, की या बदलाच्या अधल्यामधल्या टप्प्यावर बनणारी काही ट्रान्स मेदाम्लं (चरबीचे घटक) कासेतली चरबी तयार होणंच रोखतात, हे आता वाचलं. आमचा कडबा संपत आलाय, खुराक मात्र ६ किलो.

तेल आजच बंद केलंय. फॅट परत यायला किती दिवस लागतात? कोठीपोटात न विरघळणारी बायपास फॅट कुणी दिली आहे का? सुरुवात किती ग्रॅमनं करावी?